कपाटातली डायरी आणि फोनमधली तिजोरी

निवृत्त माणसाच्या घरात, कपाटाच्या वरच्या खणात एक डायरी हमखास सापडते. बहुतेकदा ती विमा एजंटाने कुठल्याशा नव्या वर्षाला दिलेली असते. पुढच्या पानांवर दुधाचा हिशोब, मागच्या पानांवर पासवर्ड. नेटबँकिंग, आयकर, महावितरण, गॅस, रेल्वेचं तिकीट, पेन्शन, मुलीने उघडून दिलेलं डिमॅट खातं. प्रत्येक नावापुढे खाडाखोड. आधी नुसतं नातवाचं नाव. ते खोडून नावापुढे १२३. तेही खोडून पहिलं अक्षर मोठं आणि शेवटी ॲटचं चिन्ह. यातला चालू पासवर्ड कुठला, हे डायरीच्या मालकालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. तीनदा चुकलं की खातं दिवसभरासाठी बंद. मग अमेरिकेतल्या मुलाला फोन जातो, आणि तिकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात.

या डायरीला हसण्याची रीत आहे. हसणाऱ्यांनी फर्नांडो कॉर्बाटो यांची गोष्ट ऐकायला हवी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एकच अवाढव्य कॉम्प्युटर अनेकांनी वाटून वापरायची सोय कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. प्रत्येकाची कामं वेगळी राहावीत म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. आज आपण ज्याला पासवर्ड म्हणतो, त्याची कॉम्प्युटरवरची सुरुवात ही अशी झाली. आणि चोरीची सुरुवातही तिथेच. ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला मिळणारा कॉम्प्युटरचा वेळ पुरत नव्हता. १९६२ मध्ये त्याने शुक्रवारी रात्री यंत्राला एक पंचकार्ड दिलं, सगळ्यांच्या पासवर्डची फाइल छापून मागितली आणि शनिवारी सकाळी जाऊन कागद उचलून आणला. हॅकिंग वगैरे शब्दांची गरजच पडली नाही.

याच कॉर्बाटोंनी २०१४ मध्ये, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, एका अमेरिकन दैनिकाला सांगितलं की पासवर्ड हे आता दुःस्वप्न झालं आहे. त्यांचे स्वतःचे सुमारे दीडशे पासवर्ड होते आणि ते त्यांनी टाइप केलेल्या तीन पानांवर लिहून ठेवले होते. म्हणजे ज्याने पासवर्ड आणला, त्याच्याही घरी डायरी होतीच.

सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर तर २००५ मध्येच सांगत होते की अवघड पासवर्ड कागदावर लिहा आणि कागद पाकिटात ठेवा. कागद सांभाळायची माणसाला सवय असते. कपाटातली डायरी परदेशातल्या चोराला वाचता येत नाही, हे खरंच आहे. तिची अडचण दुसरीकडे आहे. हाताने लिहायचा आणि पाहून टाइप करायचा म्हटला की पासवर्ड छोटा होतो, सोपा होतो, आणि थोडाफार फिरवून सगळीकडे तोच वापरला जातो.

हे फिरवणं लोकांना शिकवलं कोणी? अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेतले बिल बर यांनी २००३ मध्ये पासवर्डबद्दल एक मार्गदर्शक टिपण लिहिलं. मोठी-छोटी अक्षरं, आकडे, चिन्हं मिसळा आणि पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदला, असा त्याचा मथितार्थ. जगभरच्या बँकांनी, कचेऱ्यांनी हे नियम डोळे मिटून उचलले. माणसांनी त्यांच्यापुरता मार्ग काढला: मार्चमध्ये नाव आणि १२३, जूनमध्ये नाव आणि १२४. निवृत्तीनंतर, २०१७ मध्ये बर यांनी या सल्ल्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, असं जाहीर सांगितलं. त्याच वर्षी एनआयएसटीने नियम उलटे फिरवले. लांबीला महत्त्व द्या, चिन्हांची सक्ती करू नका, गळतीचा संशय नसेल तर उगीच बदलायला लावू नका, आणि पासवर्ड बाहेरून आणून चिकटवू द्या, म्हणजे लोकांना पासवर्ड मॅनेजर वापरता येईल. आपल्याकडच्या कित्येक संकेतस्थळांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही. दर काही महिन्यांनी 'आपला पासवर्ड कालबाह्य झाला आहे' ही पाटी झळकतेच.

नातवाचं नाव ओळखून कोणी खात्यात शिरेल, हा धोका तसा लहान. मोठा धोका वेगळ्या वाटेने येतो. समजा, कुठल्याशा किराणा मागवायच्या किंवा सिनेमाची तिकिटं काढायच्या संकेतस्थळावर आपण मेलचा पत्ता आणि पासवर्ड देऊन खातं उघडलं. पुढे त्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर दरोडा पडला. चोरांच्या हातात लाखो मेल-पत्ते आणि त्यांचे पासवर्ड आले. किराण्याच्या खात्यात त्यांना रस नसतो. तीच जोडी ते मेल, बँक, सोशल मीडिया अशा शेकडो दारांवर लावून बघतात. हे काम माणूस करत नाही, प्रोग्रॅम करतो. न कंटाळता, रात्रंदिवस. एकाच किल्लीने दहा कुलपं उघडत असतील, तर त्यातलं सगळ्यात भिकार कुलूप फुटलं तरी पुरतं.

२००९ मध्ये 'रॉकयू' या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्यावर आले. कंपनीने ते जसेच्या तसे, वाचता येतील असे साठवले होते. त्यात सर्वांत लोकप्रिय होता १२३४५६. जवळजवळ २ लाख ९० हजार लोकांनी तोच ठेवला होता. फायली साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सच्या एका कर्मचाऱ्याने दुसरीकडचाच पासवर्ड कामावरही वापरला होता. तो दुसरीकडून चोरीला गेला, २०१२ मध्ये चोर त्या वाटेने आत शिरले, आणि २०१६ मध्ये कळलं की सुमारे ६ कोटी ८० लाख खात्यांची माहिती गेली आहे. डीएनए तपासून पूर्वज सांगणाऱ्या '२३अँडमी' या कंपनीत २०२३ मध्ये चोरांना थेट उघडता आली ती जेमतेम १४ हजार खाती, तीही लोकांनी इतरत्र वापरलेल्या जुन्या पासवर्डने. पण कंपनीच्या 'नातेवाईक शोधा' या सोयीमुळे त्या खात्यांतून सुमारे ६९ लाख माणसांची माहिती दिसली. भारतात २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती बाहेर गेली.

आपला मेल-पत्ता अशा एखाद्या गळतीत सापडला आहे का, हे बघायची फुकट सोय आहे. ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये 'हॅव आय बीन पोन्ड' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथे फक्त मेलचा पत्ता द्यायचा, पासवर्ड नाही. दहा-पंधरा वर्षं जुना पत्ता असेल तर यादीत एखादी तरी नोंद बहुधा निघते. ती बघून घाबरायचं कारण नाही. तिथला पासवर्ड आणखी कुठे वापरला आहे, तेवढं मात्र आठवायला हवं.

म्हणजे प्रत्येक खात्याला वेगळा, लांब, अर्थहीन पासवर्ड हवा. पन्नास खात्यांचे असे पन्नास पासवर्ड कोणीही पाठ करू शकत नाही. पासवर्ड मॅनेजर जन्माला आले ते याच अडचणीतून. नाव भारदस्त आहे. काम मात्र जुन्या वाड्यातल्या आजीच्या कमरेला लटकणाऱ्या किल्ल्यांच्या जुडग्याचं. कोठीची किल्ली वेगळी, माजघराची वेगळी, दागिन्यांच्या पेटीची वेगळी; आजीला एकीचाही आकार पाठ नसे, जुडगा तेवढा सांभाळला की झालं.

हा जुडगा म्हणजे फोनमधली किंवा कॉम्प्युटरमधली एक बंद तिजोरी. नवीन खातं उघडताना मॅनेजर स्वतःच वीस-पंचवीस अक्षरांचा विचित्र पासवर्ड तयार करतो, तिजोरीत ठेवतो आणि पुढच्या वेळी बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवला की योग्य जागी भरतो. चांगल्या मॅनेजरमध्ये ही तिजोरी आपल्याच फोनवर कुलूपबंद होते आणि मगच कंपनीच्या सर्व्हरवर जाते. कंपनीकडे असतो तो नुसता अक्षरांचा कालवलेला भात. तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड कंपनीलाही माहीत नसतो. म्हणून तो विसरलात तर कंपनीही फारशी मदत करू शकत नाही, आणि ही गोष्ट विकत घेण्याआधी सांगायला हवी, नंतर नव्हे.

आणखी एक गुण आहे, ज्याची जाहिरात कोणी फारशी करत नाही. 'केवायसी अपडेट करा, नाहीतर खातं बंद होईल' असा मेसेज येतो, लिंक दाबली की हुबेहूब बँकेसारखं पान उघडतं. रंग तोच, बोधचिन्ह तेच, पत्त्यात एक अक्षर वेगळं. माणसाचा डोळा ते अक्षर गिळतो. डायरीचा मालक चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवून पासवर्ड भरतो, म्हणजे चोराच्या हातात स्वतःहून ठेवतो. मॅनेजर मात्र पानाचा चेहरा बघतच नाही, फक्त पत्ता बघतो. पत्ता जुळला नाही तर तो पासवर्ड पुढेच करत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज का भरला जात नाही, असा प्रश्न पडला की हात थांबवायचा. ज्येष्ठांच्या दृष्टीने या एका गुणासाठीसुद्धा मॅनेजर ठेवावा.

मग प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे: सगळे पासवर्ड एकाच जागी म्हणजे चोराला आयतं घबाडच की! २०२२ मध्ये हे घडलंही. 'लास्टपास' हा त्या वेळचा फार लोकप्रिय मॅनेजर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये चोर कंपनीच्या एका विभागात शिरले. नंतर त्यांनी एका वरिष्ठ इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर, तिथल्या एका जुन्या मनोरंजनाच्या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून प्रवेश मिळवला, तो टाइप करत असलेला मुख्य पासवर्ड टिपला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या राखीव प्रती पळवल्या. डिसेंबरमध्ये, ऐन नाताळाच्या तोंडावर, कंपनीने हे ग्राहकांना कळवलं. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणत्या संकेतस्थळांचे ते आहेत हे पत्ते उघडेच होते. आणि तिजोरीच चोराच्या घरी गेल्यावर त्याला घाई कसली? दुबळा मुख्य पासवर्ड ठेवणाऱ्यांच्या तिजोऱ्या तो सावकाश, वर्षभर फोडत बसू शकतो.

या प्रकरणातून 'पासवर्ड मॅनेजर नकोच' असा निष्कर्ष बऱ्याच जणांनी काढला. तो चुकीचा आहे. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि कुठेही न वापरलेला होता, त्यांच्या तिजोऱ्या फोडणं आजच्या साधनांना परवडणारं नाही. पण कंपनी चोरी झाल्यावर कशी वागते, किती लवकर आणि किती स्पष्ट बोलते, हेसुद्धा निवडीत मोजायला हवं.

आता निवड. इंटरनेटवर 'सर्वोत्तम दहा पासवर्ड मॅनेजर' अशा याद्यांचा पूर आहे, आणि त्यातल्या पुष्कळ याद्यांना विक्रीवर कमिशन मिळतं. तांत्रिक आवड नसलेल्या माणसाने त्या वाचण्यात वेळ घालवू नये. त्याला लागणारा मॅनेजर बहुधा त्याच्या खिशात आधीपासून आहे.

अँड्रॉइड फोन असेल तर गूगलचा पासवर्ड मॅनेजर आत बसलेलाच असतो. नवीन काही उतरवायचं नाही, पैसे नाहीत, नवा पासवर्ड पाठ करायचा नाही. फोनच्या सेटिंगमध्ये शोधायच्या जागी 'पासवर्ड' टाइप केलं की तो सापडतो. फोनची भाषा मराठी असेल तर सूचनाही मराठीत येतात. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये त्याच गूगल खात्याने शिरलं की तिथेही तेच पासवर्ड. आयफोनवाल्यांकडे ही सोय २०१३ पासून 'कीचेन' या नावाने सेटिंगच्या पोटात दडलेली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून ॲपलने तिचं 'पासवर्ड्स' नावाचं वेगळं ॲप केलं. आता तिच्यापर्यंत जायला मुलाला फोन करावा लागत नाही.

तज्ज्ञ मंडळी यावर नाक मुरडतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. फुकटात मिळणारी चोरटी सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घातली की त्यांच्यासोबत असे विषाणू येतात, जे ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उपसून नेतात. जून २०२५ मध्ये '१६ अब्ज पासवर्ड फुटले' अशी बातमी जगभर गाजली आणि भारताच्या सर्ट-इन या सरकारी संस्थेनेही सावधगिरीची सूचना काढली. तो कुण्या एका कंपनीवरचा नवा दरोडा नव्हता. अशा विषाणूंनी वर्षानुवर्षं गोळा केलेला, पुन्हा पुन्हा मोजला गेलेला माल त्यात मोठ्या प्रमाणात होता. तेव्हा नातवाने पायरेटेड गेम घातलेल्या घरच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड साठवू नयेत, फोनवर साठवावेत, हा साधा नियम पुरेसा आहे.

दुसरी अट फोनच्या कुलपाची. फोनचा पिन १२३४ किंवा जन्मसाल असेल तर आतली तिजोरी नावालाच. अमेरिकेत बारमध्ये लोक पिन टाइप करताना मागून बघायचा, मग फोन हिसकावायचा आणि काही मिनिटांत सगळी खाती ताब्यात घ्यायची, असे प्रकार २०२३ मध्ये उघडकीला आले. त्यानंतर ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये चोरीला गेलेल्या फोनसाठी जादा संरक्षण आणलं. ते सेटिंगमध्ये जाऊन चालू आहे का बघावं. सहा आकड्यांचा, कोणाला न सुचणारा पिन आणि गर्दीत बोटाचा ठसा, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

घरात सगळी सरमिसळ असेल, म्हणजे आईचा अँड्रॉइड, बाबांचा आयफोन आणि टेबलावर विंडोज, तर 'बिटवॉर्डन' बघावा. २०१६ मध्ये सुरू झालेला हा मॅनेजर फुकट वापरातही पासवर्डच्या संख्येवर किंवा उपकरणांवर मर्यादा घालत नाही. त्याचा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला आहे, कोणीही जाणकार तपासू शकतो. दिसायला तो जरा रुक्ष आहे आणि पहिल्यांदा बसवताना कोणीतरी शेजारी बसलेलं बरं. पैसे खर्च करायची तयारी असेल तर कॅनडातला 'वनपासवर्ड' जास्त हसतमुख आहे. मुख्य पासवर्डच्या जोडीला तो आपल्या उपकरणावरच आणखी एक लांबलचक गुप्त किल्ली तयार करतो, त्यामुळे कंपनीकडची तिजोरी चोरीला गेली तरी नुसता मुख्य पासवर्ड ओळखून ती उघडत नाही. ही किल्ली छापून ठेवायला कंपनी एक कागदही देते. राहिला 'कीपास', २००३ पासूनचा, पूर्ण फुकट, कोणाच्याही सर्व्हरवर न जाणारा. तो उत्तम आहे, आणि म्हणूनच आईवडिलांच्या फोनवर बसवू नये: त्याची फाइल हरवली की विचारायला कोणी नाही.

एक गोष्ट मात्र कोणताही मॅनेजर घेताना तपासावी, ती म्हणजे बाहेर पडायची वाट. मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये पुष्कळांनी पासवर्ड साठवले होते. कंपनीने जुलै २०२५ मध्ये ते भरायची सोय थांबवली आणि ऑगस्टपासून ते पासवर्ड त्या ॲपमध्ये दिसेनासे झाले. 'डॅशलेन'ने त्याच वर्षी फुकट योजना गुंडाळली. उद्या कोणतीही कंपनी हेच करू शकते. सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये काढून दुसरीकडे नेता येतात ना, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवावं. ही फाइल उघडी असते, कोणीही वाचू शकतो. काम झालं की तिथल्या तिथे पुसावी, व्हॉट्सॲपवर तर चुकूनही पाठवू नये.

मुख्य पासवर्ड हा सगळ्या खटाटोपाचा कणा. गूगल किंवा ॲपलच्या बाबतीत त्या खात्याचा पासवर्ड, इतरांच्या बाबतीत मॅनेजरचा. तो लांब हवा आणि लक्षात राहणारा हवा. या दोन्हींचा मेळ घालायची युक्ती अमेरिकेतल्या आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सांगितली. ७,७७६ शब्दांची एक यादी, प्रत्येक शब्दाला पाच आकड्यांचा क्रमांक. फासा पाचदा टाकायचा, जो क्रमांक येईल तो शब्द घ्यायचा. असे सहा शब्द जमले की होणाऱ्या शक्यतांचा आकडा २ वर २३ शून्यं एवढा भरतो. ते शब्द चोराला माहीत असलेल्या यादीतलेच असले तरी हरकत नाही, कारण निवड फाशाने केली आहे, मनाने नाही. माणसाचं मन फार ओळखीच्या वाटांनी जातं: देव, मुलं, गाव, क्रिकेट.

मराठी घरात सापशिडीचा फासा असतोच. यादी नसेल तर मोल्सवर्थचा शब्दकोश चालेल. १८५७ च्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत. डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं, असं पाच-सहा वेळा. कंदील, उखळ, बगळा, तारीख, शेवया असे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले शब्द येतील. ते रोमन लिपीत, मध्ये आडव्या रेघा देऊन लिहायचे. बगळा तारीख बघून उखळात शेवया घालतो आहे, असं काहीतरी बावळट चित्र मनात रंगवलं की आठवड्यात पाठ होतं. वरचे पाच शब्द आता छापले गेले आहेत. ते सोडून दुसरे घ्यावेत, हे सांगायला नको.

आणि हा एक पासवर्ड कागदावर लिहावाच. इथे आपली डायरी परत येते.

पासवर्ड मॅनेजरच्या जाहिराती हॅकरबद्दल बोलतात. घराघरांत अडतं ते बहुधा साध्या प्रसंगी: बाबांना अचानक दवाखान्यात न्यावं लागतं आणि मेडिक्लेमचा क्रमांक, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं त्यांच्या एकट्याच्या डोक्यात किंवा त्यांच्या एकट्याच्या बोटाच्या ठशात असतं. म्हणून मॅनेजर निवडताना विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, की मला उघडता आला नाही तर कोण उघडणार? एफडीला नॉमिनी लावतो तसा याला कोण?

याबाबत सगळे सारखे नाहीत. बिटवॉर्डनच्या पैसे भरून घ्यायच्या योजनेत विश्वासातला माणूस नेमता येतो. त्याने मागणी केल्यावर आपण ठरवलेले दिवस थांबून, आपण नकार दिला नाही तर तिजोरी त्याला उघडते. गूगलमध्ये २०१३ पासून निष्क्रिय खात्यासाठी व्यवस्था आहे: तीन ते अठरा महिने खातं वापरलं गेलं नाही तर मेल, फोटो वगैरे कोणाला द्यायचे ते आधी नोंदवून ठेवता येतं. ॲपलनेही २०२१ मध्ये वारसदार नेमायची सोय दिली, पण त्या वारसदाराला फोटो आणि फायली मिळतात, साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत. ही बारीक अक्षरातली अट पुष्कळांना ठाऊक नसते. त्यापेक्षा हयातीतच वाटून घेणं सोपं. ॲपलच्या आणि गूगलच्या मॅनेजरमध्ये आता वीजबिल, गॅस, विमा असे निवडक पासवर्ड घरच्या माणसांसोबत वाटता येतात. नवऱ्याचं सगळं बायकोला ठाऊक असावं का, हा वेगळा विषय. महावितरणचं तरी असावं.

इथे एक खुलासा. माणूस गेल्यावर त्याच्या पासवर्डने नेटबँकिंग उघडून पैसे काढणं हा वारसाचा मार्ग नाही. त्यासाठी नामांकन आणि बँकेची रीतसर प्रक्रिया आहे. पासवर्डच्या यादीचा उपयोग खाती कुठे कुठे आहेत हे कळण्यासाठी. वारसांना खात्याचा पत्ताच नसल्याने किती ठेवी पडून राहतात, हे रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२३ मध्ये त्या शोधण्यासाठी 'उद्गम' हे पोर्टल उघडावं लागलं यावरून समजावं.

सुरुवात कशी करायची? सगळे पन्नास पासवर्ड एका रविवारी बदलायला बसलं की दुपारपर्यंत वैताग येतो आणि काम कायमचं सुटतं. पहिल्या दिवशी फक्त मेल. कारण बाकी सगळ्या खात्यांचा 'पासवर्ड विसरलात?' हा दुवा मेलमध्येच येतो. मेल ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळं. मेलला नवा लांब पासवर्ड द्यावा, दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू करावी, आणि त्या वेळी मिळणारे राखीव कोड कागदावर उतरवावेत. फोन हरवला, सिम बंद पडलं, तर तेच कामी येतात. दुसऱ्या दिवशी बँक. बाकीची खाती जशी उघडायची वेळ येईल तशी: वीजबिल भरायला गेलात की तिथला बदला, तिकीट काढायला गेलात की तिथला.

काही बँकांची पानं पासवर्ड चिकटवू देत नाहीत, पडद्यावरच्या कळफलकानेच भरायला लावतात. तिथे मॅनेजर उघडून, बघून टाइप करावं लागतं. त्रास आहे, पण डायरी बघून टाइप करण्यापेक्षा जास्त नाही. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन यात ठेवायची गरज नाही. चार-सहा आकडे डोक्यातच बरे.

पासवर्डच्या या जंजाळातून सुटण्याची वाटही दिसू लागली आहे. मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'पासकी' या पद्धतीला मिळून पाठिंबा जाहीर केला. तिच्यात टाइप करायला शब्दच नसतो. फोन आणि संकेतस्थळ एकमेकांना ओळखतात, आपण फक्त बोट टेकवायचं. कुठे 'पासकी तयार करायची का?' असं विचारलं तर हो म्हणायला हरकत नाही. ती किल्लीही याच मॅनेजरमध्ये राहते, म्हणजे आज केलेली मेहनत वाया जाणार नाही.

मॅनेजर काय करू शकत नाही, तेही ऐकून ठेवावं. फोनवर गोड बोलणाऱ्याला आपण स्वतःच ओटीपी सांगितला, किंवा 'वीज आज रात्री कापली जाईल' म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून फोनचा पडदा त्याला दाखवणारं ॲप उतरवलं, तर कोणतीही तिजोरी वाचवणार नाही. पैसे गेल्याचं कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता असते. आणि पासवर्ड मॅनेजर बसवून देतो, असा स्वतःहून फोन करणाऱ्या कोणाकडूनही तो बसवून घेऊ नये. घरचा कोणी, पुतण्या, भाची, शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा समोर बसून दाखवेल. मुख्य पासवर्ड टाइप करताना त्यालाही खिडकीबाहेर बघायला सांगावं.

राहता राहिली डायरी. ती टाकू नका. एका कोऱ्या पानावर मुख्य पासवर्ड, मेलचे राखीव कोड आणि अडल्यावर कोणाला विचारायचं त्याचं नाव, एवढं लिहा; ते पान काढून पाकिटात घाला, पाकीट चिकटवा आणि घराच्या कागदपत्रांसोबत कुलपात ठेवा. ते कुठे आहे हे घरातल्या एका माणसाला सांगा. जुनी पासवर्डची पानं महिनाभर तशीच राहू द्या, नवीन सवय हाताला बसेपर्यंत. मग ती फाडून बारीक तुकडे करा, आणि दुधाचा हिशोब पुढे चालू ठेवा.